माझ्या मापाची सायकल शोधून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. माझ्यासारख्या पावणेपाच फुटी बायका आपल्या गोव्यात गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी सायकलीचा विचार कधीच सोडून दिला आहे. मीही सोडलाच होता.

लहानपणी मयेच्या घरी बाबांची मोठी सायकल होती. तिच्या नळीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत मी आणि माझा भाऊ शिकलो. तो दोन वर्षांत सीटवर पोचला. मी कधी पोचलेच नाही. पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं. त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून गिअरची सायकल घेतली, २६ इंची, दुकानातली सगळ्यांत लहान म्हणून दिलेली. दुकानदाराने सीट होती तेवढी खाली दाबली, माझे दोन्ही पाय जमिनीला टेकवून दाखवले आणि म्हणाला, सवय होईल.

सवय झाली नाही. महिन्याभरात गुडघ्यांच्या वाट्या पुढून दुखायला लागल्या. ब्रेकच्या दांडीवर बोटांची टोकंच पोचायची, त्यामुळे डिचोलीकडे उतरताना पोटात गोळा यायचा. एकदा बस अचानक थांबली, मी सीटवरून पुढे घसरले आणि नळीवर आदळले. अशी दुखणी बाई कोणाजवळ बोलत नाही. मी सायकल पडवीत लावली, वर जुनी चादर टाकली, आणि शाळेत पुन्हा बसने जायला लागले.

तुमच्याकडे, म्हापशाला, मी ती विकायला आले होते, आठवतं? शुक्रवार होता, बाजाराची गर्दी तुमच्या दारापर्यंत आली होती. तुम्ही सायकलीकडे एकदा पाहिलंत, माझ्याकडे एकदा, आणि किंमत सांगायच्या आधी विचारलंत, "ही तुला कोणी दिली?" मी सांगितल्यावर बराच वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "बाय, आदीं माप, मागीर सायकल." आधी माप, मग सायकल.

त्या दिवसाबद्दल मला एका गोष्टीचे आभार सगळ्यांत आधी मानायचे आहेत. माप पायाच्या आतल्या बाजूचं लागतं, जांघेपासून जमिनीपर्यंतचं. तुम्ही ते घेतलं नाहीत. कागदावर चित्र काढून दिलंत आणि सांगितलंत, घरी जाऊन बहिणीला घ्यायला सांग. भिंतीला पाठ, चपला काढून, पावलांत चार बोटं अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सीटसारखं घट्ट वर दाबायचं, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं, आणि हे तीनदा करायचं. आम्ही शाळेतला शब्दकोश वापरला. तिन्ही वेळा ६६ सेंटीमीटर आलं. त्रेचाळीस वर्षं मी माझी उंची सांगत आले होते. पायाची लांबी मला कोणी विचारली नव्हती. तेवढ्याच उंचीच्या दोन बायकांचे पाय पाच सेंटीमीटरनी वेगळे असू शकतात, हेही तेव्हाच कळलं.

माझ्या जुन्या सायकलीची नळी जमिनीपासून ७२ सेंटीमीटरवर होती. तुम्ही टेप लावून दाखवलंत, आणि मला रडू आलं. इतके महिने मी स्वतःला घाबरट समजत होते.

मग सीट. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली घ्यायची, हीच चूक सगळे करतात, असं तुम्ही म्हणालात. सीटचं नातं पॅडलशी, जमिनीशी नव्हे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. पुस्तकी हिशेबही तुम्हाला पाठ होता: पायाचं माप गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँक, पॅडलची दांडी, ज्याभोवती फिरते त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत माझे ५८ सेंटीमीटर आणि थोडे वर. पण हे गणित लांब क्रँकवर बसवलेलं आहे, म्हणून शेवटचा निकाल टाचेचा.

क्रँकची गोष्ट तर मी भेटेल त्याला सांगते. मोठ्यांच्या सायकलीला बहुतेक १७० मिलिमीटरची क्रँक येते, माणूस सहा फुटी असो वा माझ्याएवढा. माझ्यासाठी तुम्ही १५२ ची बसवलीत, लहान मुलांच्या २४ इंची सायकलीला येते ती. मला वाटलं, १८ मिलिमीटरने काय होणार? तुम्ही खडूने फळीवर दोन वर्तुळं काढलीत. पॅडल खाली असताना पाय तितकाच सरळ राहावा म्हणून सीट १८ ने वर जाते. पॅडल वर आलं की तेही १८ ने खालीच थांबतं. म्हणजे गुडघ्याला वरच्या टोकाला एकूण ३६ मिलिमीटर मोकळीक. माझे गुडघे त्या फळीवर बरे झाले असं मी मानते.

योग्य सायकल मिळायला पाच आठवडे लागले. दोनदा मीच म्हटलं, ही चालेल. दोन्ही वेळा तुम्ही नकार दिलात, आणि दोन्ही विकल्या असत्या तर पैसे तुम्हालाच मिळाले असते. पहिलीला पुढे शॉक होते; ते वजन वाढवतात आणि हँडल उगाच उंच करतात, इथल्या रस्त्यांना जरा रुंद टायर पुरतो, असं तुमचं म्हणणं. दुसरी दिसायला देखणी होती, ७०० सीच्या मोठ्या चाकांची. तुम्ही मला तिच्यावर बसवलंत, एक पॅडल पुढे आडवं धरलंत आणि हँडल वळवायला सांगितलंत. बुटाचं टोक टायरला घासलं. लहान फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की हे होतंच. पुढे मी वाचलं की अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९८५ मध्ये बायकांच्या सायकलींची कंपनी काढली, तेव्हा याच अडचणीवर उपाय म्हणून पुढचं चाक २४ इंची आणि मागचं मोठं ठेवलं होतं. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही फक्त मान हलवलीत, "बरोबर केलं तिने."

अखेर २४ इंची चाकांची, पुढे शॉक नसलेला साधा चिमटा असलेली, कोणाच्या तरी मुलाला लहान पडलेली ती निळी सायकल आली. मला तेव्हाही शंका होती, लहान चाक म्हणजे सावकाश नाही का जाणार? त्याचं उत्तर तुम्ही इतक्या शांतपणे दिलंत. पूर्वीच्या उंच चाकाच्या सायकलीत पॅडल थेट चाकालाच असायचं, म्हणून पाय जेवढा लांब तेवढंच मोठं चाक आणि तेवढाच वेग. १८८५ च्या रोव्हर सायकलीने मागच्या चाकाला चेन लावली आणि ती पद्धत रूढ झाली. तेव्हापासून पायाची लांबी आणि वेग यांचा संबंध तुटला. पुढे पॅडलपाशी ४२ दातांचं चेनव्हील, मागच्या चाकाला १४ दातांचा फ्रीव्हील, चाक २४ इंची: पॅडलच्या एका फेरीत पावणेसहा मीटर. २६ इंची चाकावर सव्वासहाच्या जरा आत. तेवढा फरक मागचे दात बदलून भरून निघतो, आणि चढावर तर लहान चाक आपल्याच बाजूचं.

हँडल दोन्हीकडून कापून खांद्याएवढं केलंत, ते धरणारा स्टेम आखूड लावलात. ब्रेकच्या दांडीत एक बारीकसा स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडी हँडलजवळ येते. इतकंच होतं ते! माझ्या उताराच्या भीतीवर दोन मिनिटांचं काम.

आणि तुमच्या अंगणातली ती संध्याकाळ. सीट उंच झाल्यावर मी थांबायचं कसं, या विचाराने हातपाय गार पडले होते. तुम्ही शिकवलंत की सीटवर बसून निघायचंच नाही. नळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं, एक पॅडल पुढे वर आणायचं, त्यावर भार देऊन उठायचं; सायकल चालू झाली की सीट आपोआप आपल्याखाली येते. थांबताना उलट: आधी सीट सोडायची, एका पॅडलवर उभं राहायचं, मग दुसरा पाय जमिनीवर. त्यासाठीच नळी खाली हवी. मी तीसेक वेळा केलं असेल. काकींनी मध्ये सोलकढी आणून दिली, तुम्ही दारात उभे राहून प्रत्येक वेळी "परत" एवढंच म्हणत होतात.

गेल्या रविवारी मी डिचोलीहून मयेवरून नार्व्याला गेले. सप्तकोटेश्वराला हात जोडले, खालच्या धक्क्यावर फेरीत सायकल घातली, दिवाडी बेट पार केलं आणि पलीकडच्या फेरीने जुन्या गोव्यात उतरले. दिवाडीच्या शेतांमधल्या वाटेवर वारा समोरून होता, तरी एकदाही उतरले नाही. गुडघा बोललादेखील नाही. लहानपणी भाऊ सीटवर बसून पुढे निघून जायचा आणि मी नळीखालून हाफ पॅडल मारत मागे राहायचे, ते आठवून फेरीच्या कठड्याला टेकून मी बराच वेळ मांडवीकडे बघत उभी होते.

तुम्ही माझ्याकडून फक्त सायकलीचे आणि सामानाचे पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर विषय बदललात. ती बाकी आहे असं मी धरून चालले आहे.

या शुक्रवारी शाळेतल्या मदतनीस बाईंना घेऊन येते. त्या माझ्याहूनही बुटक्या आहेत आणि त्यांना घरून शाळेत यायला बस नाही. माप घेतलं आहे, शब्दकोशानेच, तीनदा. ६४.

तुमची,
बाय
डिचोली