निवासी कलावर्ग आणि रात्रीचा स्टुडिओ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात भरणाऱ्या निवासी कलावर्गांवरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख माहितीपूर्ण आहे आणि मुदत, वयोगट, शुल्क व प्रवेशासाठी पाठवायची चित्रे यांचा त्यासोबतचा तक्ता पालकांच्या नक्कीच उपयोगी पडेल. मात्र मुलांनी तिथे राहायचे ते जाण्यायेण्याचा वेळ वाचावा, शिस्त लागावी आणि आपली कामे आपण करण्याची सवय व्हावी म्हणून, असा जो लेखाचा सूर आहे, तो मला अपुरा वाटला. ही कारणे खोटी नाहीत. पण ती पोहण्याच्या किंवा गणिताच्या शिबिरालाही तितकीच लागू पडतात. चित्र काढण्यासाठी किंवा मातीकामासाठी मुक्कामच का करावा लागतो, याचे उत्तर त्या त्या माध्यमातच आहे. अशा वर्गांत मी अनेक उन्हाळे शिकवले आहे, म्हणून हे पत्र.

शाळेतील चित्रकलेचा तास जेमतेम पाऊण तासाचा. त्यात कागद वाटणे, पाणी भरून आणणे आणि शेवटी ब्रश धुणे वजा केले की हाती अर्धा तास उरतो. त्यामुळे अर्ध्या तासात जे पुरे होईल तेच काढायचे, ही सवय हुशार मुलांच्या हातात फार लवकर मुरते. निवासी वर्गात पहिल्यांदाच काम अर्धवट सोडून उठता येते आणि दुसऱ्या दिवशी ते जिथे होते तिथेच सापडते. स्थिरचित्राची मांडणी हलवायची नाही, दिवा त्याच कोनात ठेवायचा, इझेलच्या, म्हणजे चित्र टेकवायच्या तिवईच्या, तिन्ही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या. पाहुण्याला हा सारा खटाटोप हास्यास्पद वाटतो. पण तिसऱ्या दिवशी एखाद्या मुलाच्या लक्षात येते की सुरईची सावली काळी नाही, तिच्यात शेजारच्या कापडाचा तांबूसपणा उतरला आहे, आणि हे पहिल्या दिवशीही समोरच होते. व्यक्तिचित्रणाचेही तसेच. अर्ध्या मिनिटाच्या, दोन मिनिटांच्या झटपट रेखाटनांनी हात मोकळा होतो. नंतर वीस-वीस मिनिटांच्या बैठकी आणि मधली विश्रांती, असे करत समोर बसलेल्या व्यक्तीची एकच ढब दोन-तीन दिवस चालवावी लागते. त्याशिवाय खांद्याचा उतार आणि कमरेचा तोल यांचा एकमेकांशी असलेला संबंध मुलांना दिसत नाही.

माती तर कुणाचेच वेळापत्रक मानत नाही. घडवलेले भांडे सावकाश वाळावे लागते, पहिली भाजणी साधारण हजार अंश सेल्सियसच्या आसपास होते, मग झिलई आणि पुन्हा भट्टी. प्रत्येक वेळी भट्टी थंड होईपर्यंत थांबणे आलेच. एका वर्षी समारोपाच्या प्रदर्शनाची तारीख निमंत्रणपत्रिकेवर छापून झाली होती आणि जाड बुडाची काही भांडी अजून गालाला लावल्यावर गार लागत होती, म्हणजे आत ओल होती. तरीही मी ती भट्टीत घातली. शंभर अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ झाली आणि सात भांडी फुटली. त्यांच्या कपच्यांनी शेजारची चांगली भांडीही बिघडवली. चूक सर्वस्वी माझी होती. मात्र ती मातीच्या अज्ञानातून नव्हे, तर प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे मोजत आखलेल्या वेळापत्रकातून झाली होती, हे मला त्या मुलांची तोंडे पाहताना उमगले.

अशी वेळापत्रके आता सर्रास दिसतात. अनेक कलामहाविद्यालये आपल्याच आवारात हे उन्हाळी वर्ग चालवतात आणि पुढील प्रवेशासाठी लागणारा दहा-वीस कलाकृतींचा पोर्टफोलिओ येथे तयार होईल, असे माहितीपत्रकात ठळकपणे सांगतात. पालकांना ते भावते, कारण दिलेल्या शुल्काच्या बदल्यात काहीतरी मोजता येते. मी असे पोर्टफोलिओ पुष्कळ चाळले आहेत. चित्रे नेटकी असतात, माउंट उत्तम असतो आणि एकाच वर्गातील चार मुलांच्या चित्रांत एकाच शिक्षकाचा हात ओळखू येतो.

या उपक्रमांची सुरुवात मात्र वेगळ्या विचाराने झाली होती. अमेरिकेत मिशिगनमधील इंटरलॉकन येथे १९२८ साली शालेय वादकांचे निवासी शिबिर सुरू झाले, त्यामागे एकत्र राहून एकत्र वाजवणे ही साधी गरज होती. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९६३ साली गुणी विद्यार्थ्यांसाठी जी निवासी उन्हाळी शाळा काढली, तिच्यात चित्रकला, संगीत, नृत्य व नाट्य यांना गणित-विज्ञानाच्या बरोबरीचे स्थान होते आणि गुण किंवा श्रेणी देण्याची पद्धतच ठेवली नव्हती. कॅलिफोर्नियाची राज्य उन्हाळी कलाशाळा १९८७ पासून चार आठवड्यांची भरत आली आहे. ज्यांना गुणपत्रिका द्यायची नसते, त्यांना मुलांच्या फसलेल्या कामाची भीती वाटत नाही.

आणि फसलेले काम निस्तरण्याची खरी वेळ रात्रीची असते. दिवसभर शिक्षक मागे उभे असतात, सूचना चालू असतात. जेवणानंतर ते निघून जातात आणि मूल व कागद समोरासमोर येतात. सोळा वर्षांच्या एका मुलीने दोन दिवस खपून कोळशाने एका खुर्चीचे अतिशय स्वच्छ, अतिशय निर्जीव चित्र काढले होते. रात्री नऊच्या सुमारास मी विसरलेला चष्मा घ्यायला गेले, तर तिने जुन्या फडक्याने ते चित्र पुसून सबंध कागद करडा केला होता आणि मळून टोक काढलेल्या खोडरबराने त्या करडेपणातून खुर्चीवर पडलेला उजेड ती वेचून काढत होती. शेजारी दोघे जण आपले काम सोडून बघत उभे होते. दिवसा मी तिला चित्र पुसायला सांगितले असते, तर बहुधा ती रडली असती. मी चष्मा तिथेच ठेवून परतले.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी सहाला स्टुडिओला कुलूप लागते आणि मुलांना करमणुकीच्या कार्यक्रमासाठी सभागृहात नेले जाते. आयोजकांची अडचण मी जाणते. अल्पवयीन मुले, एकच पहारेकरी, भट्टी, टर्पेंटाइन, कोळशाचे चित्र पक्के करायचा फवारा. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी ढीग करून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, हे तर अनेक पालकांना ठाऊकही नसते. पण त्यासाठी सगळाच स्टुडिओ बंद ठेवण्याची गरज नाही. भट्टीची व तैलरंगांची खोली बंद ठेवावी, तेलकट फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावीत आणि पेन्सिल, कोळसा, शाई, कागदकाम एवढ्यापुरते एक दालन एका जबाबदार सहायकाच्या देखरेखीखाली दहापर्यंत उघडे ठेवावे. त्या सहायकाने शिकवू नये, ही अट मी आवर्जून घालीन. करमणुकीचे कार्यक्रम आठवड्यातून एकदा झाले तरी मुलांचे काही अडत नाही. ती आपली करमणूक करून घेण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात.

मुलांना झोप हवी, हा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच मी दहा म्हणते, बारा नव्हे.

शिष्यवृत्तीचा मुद्दा लेखात नीट आला आहे, त्यात मला भर घालायची नाही. मात्र आपण या वर्गांचा तक्ता पुन्हा प्रसिद्ध करणार असाल, तर त्यात दोन रकाने वाढवावेत अशी विनंती आहे: जेवणानंतर स्टुडिओ किती वाजेपर्यंत उघडा असतो, आणि अर्धवट काम दुसऱ्या दिवसापर्यंत जागच्या जागी ठेवता येते की रोज आवरावे लागते. आयोजकांनी उत्तर दिले नाही, तर तो रकाना कोरा छापावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षिका