शपथपत्रे सूचनाफलकावर लावा

महोदय,

मतदान वाढावे म्हणून फेऱ्या निघतात, फलक लागतात. पण मत कशाच्या आधारे द्यायचे, हे फारसे कुणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला प्रलंबित फौजदारी खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथपत्रात जाहीर करावे लागते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही वाचता येते. मला तर मालमत्तेपेक्षा सरकारी थकबाकीचा रकाना अधिक बोलका वाटतो. सोसायट्या, वाचनालये, महिला मंडळे यांनी सर्व उमेदवारांची शपथपत्रे शेजारीशेजारी लावावीत. शिफारस नको, शेरा तर नकोच. मतदारयादीतले नावही आताच तपासावे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी नाव घालता येत नाही.

– एक मतदार