सहलीतलं एक तरी जेवण त्या गावचं असू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत सहल कंपन्यांच्या जाहिराती पानभर असतात. व्हिएतनाम, थायलंड, बाली, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ ठरलेली : ‘रोज शुद्ध शाकाहारी भारतीय जेवण’. या ओळीबद्दल मला लिहायचं आहे, कारण तिच्याकडे बघूनच आम्ही गेल्या वर्षी व्हिएतनामच्या सहलीचे पैसे भरले होते.

माझ्याबरोबर वन्सं होत्या. वय 71, अंड्याचा केकसुद्धा चालत नाही, आणि चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही बंद. कंपनीने जाहिरातीतला शब्द पाळला. हनोईत पनीर, हा लाँग या किनाऱ्यावरच्या गावी पनीर, सोबत जिरा राईस, पिवळी डाळ आणि गुलाबजाम. पण प्रत्येक रश्शात कांदा-लसूण. आमच्या आधी दोन-तीन बस जेवून गेलेल्या असायच्या. भात कडक झालेला, डाळीवर साय धरलेली. वन्सं दही-भात आणि केळं खाऊन उठायच्या. कोणाला बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी बसच्या पायऱ्या चढताना त्यांना चक्कर आली, तेव्हा मी घाबरले.

चक्कर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हनोईत थोडा मोकळा वेळ होता. होआन किएम तळ्याला फेरी मारून आम्ही दोघी जुन्या पेठेत शिरलो. आपल्याकडे जशी तांबट आळी, बोहरी आळी, तशा तिथे चांदीवाल्यांची गल्ली, साखरेची गल्ली. अशाच एका गल्लीत पाटी दिसली. त्यावर कमळाचं चित्र आणि सी, एच, ए, वाय ही चारच अक्षरं. उच्चार ‘चाय’. मी आधी चहाचं दुकान समजले होते, पण आमच्या गाईडने हा शब्द आदल्या दिवशीच बसमध्ये सांगितला होता. चाय म्हणजे शाकाहारी. चहाला हनोईत नुसतं ‘चा’ म्हणतात.

आत चार टेबलं, गुडघ्याएवढ्या उंचीची प्लॅस्टिकची स्टुलं, आणि दारातच चूल. एक बाई रांधत होती, तिची सासू असावी अशी म्हातारी भिंतीशी बसून पुदिन्याची पानं खुडत होती. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि पातेल्याच्या तोंडावर पांढरं फडकं ताणून बांधलेलं. बाईने तांदळाच्या पातळ पिठाचा एक डाव त्या फडक्यावर ओतला, डावाच्याच पाठीने गोल फिरवत पसरला, वर झाकण ठेवलं. मिनिटही झालं नसेल, झाकण काढून तिने बांबूची लांब चपटी पट्टी खालून सरकवली आणि पारदर्शक पापडी अलगद उचलून तेल लावलेल्या ताटावर टाकली. वन्संनी माझा हात दाबला. “अगं, या तर आपल्या सालपापड्या!”

खरंच तसंच होतं. उन्हाळ्यात वाळवणं घालताना आम्ही मुलं आईभोवती घोटाळायचो ते त्या उकडलेल्या, अजून न वाळवलेल्या पापडीसाठीच. वर तेलाचं बोट आणि चिमूटभर तिखट. तीच पापडी हनोईत वाफेवरून उतरत होती. फक्त तिच्यात बारीक चिरलेलं गाजर आणि काळी, कानासारखी दिसणारी अळंबी घालून गुंडाळी केली जात होती, आणि कात्रीने तिचे तुकडे. या पदार्थाला बान कुओन म्हणतात. एरवी त्यात डुकराचा खिमा असतो, म्हणून तो खायचा तर ‘चाय’ पाटी असलेल्या ठिकाणीच खावा.

मी फोनवर लिहून आणलेलं वाक्य वाचलं : ‘तोई आन चाय’, मी शाकाहारी खाते. पाटी चायचीच असल्यामुळे बाई हसली. मग कांद्याचं चित्र दाखवून मी हाताने ‘नको’ केलं, तर तिने जोरजोरात मान हलवली आणि रिकाम्या परडीकडे बोट दाखवलं. तिच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण मुळी नव्हताच. बौद्ध परंपरेच्या काटेकोर शाकाहारात उग्र वासाच्या पाच गोष्टी वर्ज्य असतात, त्यात हे दोन्ही येतात, हे मला गाईडने नंतर सांगितलं. तिथले अनेक लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चायच जेवतात, आपल्याकडे एकादशी-चतुर्थी पाळावी तसं.

एकेक गुंडाळी होऊन येत होती, त्यामुळे वेळ लागला. बशीत सहा गुंडाळ्या, वाटीत सोया सॉस, लिंबू, साखर आणि मिरचीचं पातळ पाणी, बाजूला पुदिना, कोथिंबीर आणि मोड आलेले मूग. वन्संनी दोन बश्या संपवल्या. म्हातारीने त्यांच्या पुढ्यात न मागता आणखी पुदिना ठेवला आणि स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला, पोटाला चांगला म्हणून. बशीला पस्तीस हजार डोंग, म्हणजे आपले सव्वाशेच्या आत. आम्ही उठेपर्यंत पिठाचं पातेलं संपलं होतं आणि बाई फडकं सोडून धुवायला लागली होती.

आता मुद्द्याचं. जेवणाबाबत कंपन्यांची अडचण मला कळते. चाळीस माणसं, कुणाला मधुमेह, कुणाला तिखट चालत नाही, आणि ओळखीच्या चवीशिवाय घास न उतरणारेही असतात. त्यांच्यासाठी पनीर आणि डाळ असूच द्या. पण सहलीतलं एक तरी जेवण तिथल्या एखाद्या छोट्या ‘चाय’ खाणावळीत ठेवा. सगळे एकदम मावत नसतील तर दहा-दहाच्या तुकड्या करा, गाईडला आधी सांगून ठेवायला लावा. मालवणकडच्या घरगुती खाणावळीत आपण ‘एवढी माणसं येतोय’ असा आदल्या दिवशी फोन करतोच ना?

बाहेरचं खाल्लं तर पोट बिघडेल, ही भीती बसमध्ये सारखी ऐकू यायची. पण शिजवलेलं गरम अन्न 60 अंशांच्या वर ठेवावं आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाफेवरून थेट बशीत येणारी पापडी आणि तिसऱ्या बसची वाट पाहत राहिलेली डाळ, यांत भीती कशाची बाळगायची ते वाचकांनी ठरवावं.

पाट्यांकडे न बघता कुठेही शिरावं असं मात्र मी म्हणत नाही. व्हिएतनाममध्ये नुओक माम, म्हणजे माशाचं खारवलेलं पाणी, साध्या परतलेल्या भाजीतही असतं. फो नावाच्या शेवयांच्या सूपवर नुसती भाजी दिसली तरी खालचं पाणी बहुधा हाडं उकळून केलेलं असतं. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘चाय’ हाच शब्द वापरावा लागतो. थायलंडमध्ये त्याच्या जवळचा शब्द ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो आणि तिथेही कांदा-लसूण नसतो.

आपल्या पुरवणीत हॉटेलांचे दर आणि बघायची ठिकाणं भरपूर येतात. त्यांच्याच शेजारी त्या देशात शाकाहारी माणसाने म्हणायचे चार शब्द देवनागरीत, कापून पर्समध्ये ठेवता येतील असे, छापाल का? वन्सं पुढच्या वर्षी कंबोडियाला निघाल्या आहेत आणि तिथला शब्द त्या आत्तापासून मला विचारताहेत.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)