घरात कोणाला किडनीचा त्रास होता का?

माझे वडील 48व्या वर्षी डायलिसिसवर गेले. त्याआधी दहा वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेत होते आणि कंबर दुखली की मेडिकलमधून वेदनाशामक आणत. आजीही ‘किडनी फेल’ होऊनच गेली होती. पण ते कोणी विचारलेच नाही. शेवटी सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे पाण्याच्या गाठींनी भरलेली दिसली, द्राक्षाच्या घडासारखी. हा आनुवंशिक आजार म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी डिसीज.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते, मुलगा असो वा मुलगी. मला आहे, भावाला नाही. म्हणून तो वडिलांना मूत्रपिंड देऊ शकला. मी रोज सकाळी चहाआधी रक्तदाब मोजून वहीत लिहिते, मीठ कमी केले आहे, वेदनाशामके बंद. गाठींची वाढ मंदावणारे टॉल्व्हाप्टान हे औषध सर्वांना चालत नाही, शिवाय त्यासाठी यकृताची तपासणी सतत करावी लागते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे मात्र बहुतेकांना परवडते.

तिशीतल्या रुग्णाचा रक्तदाब वाढलेला दिसला, तर डॉक्टरांनी वरचा प्रश्न जरूर विचारावा. आणि मुलीचे स्थळ मोडेल या भीतीने घरच्यांनी उत्तर लपवू नये. आमच्याकडे आत्याच्या बाबतीत तेच झाले.

– एक वाचक, सांगली