झिरोच्या बल्बबद्दल, काकांना

प्रिय काका,

समोर बोलायला आले की तुम्ही "ताई, चहा घ्या आधी" म्हणून विषय संपवता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता पळता येणार नाही.

दादाच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता, हा प्रसंग माझ्या प्रयोगात तुम्ही लाइटच्या बोर्डामागून एवढ्यांदा बघितलाय की तुम्हाला पाठ असेल. तासभर सगळे आळीपाळीने शब्द देत होते. आईला सांभाळू, हिचं लग्न करून देऊ. शेवटी मी वैतागून म्हटलं, "अरे, तुझ्या गाडीचे हप्ते मी भरीन!" लगेच कावळा. बँकेचाच असणार. घाटावर मला जे हसू फुटलं ते थांबेचना. त्याचं रडणं कधी झालं कळलं नाही, आणि पुढचे आठ महिने मी ट्यूबलाइट लावून झोपले.

याचा एकपात्री करायचं ठरवलं तेव्हा एक निर्माते म्हणाले, पैसे मोजून सुतकात कोण बसेल? एका स्पर्धेत "मृत्यूचं गांभीर्य राखलेलं नाही" असा शेरा मिळाला. ऑफिसातल्या साहेबांनी तर त्याआधीच सुचवलं होतं की रजेच्या अर्जावर डिप्रेशन नको, कावीळ लिही. आठवडाभर सहकाऱ्यांसमोर मी उसाचा रस प्यायले. ते जसंच्या तसं प्रयोगात आहे, टाळ्याही घेतं, तेव्हा साहेबांचेही आभार.

लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करायचे. माझ्याकडे पाचच, त्यातला एक कावळा. पात्रांचं मला जमत होतं. जमत नव्हता तो ब्लॅकआऊट. एकपात्रीत विंगेत आपलं कुणी नसतं. लाइट गेला की टेबलाची कड घट्ट धरून मी आकडे मोजायचे. हे कुणाला दिसत नसेल असं मला वाटायचं.

पहिल्या प्रयोगाला घाटाच्या प्रवेशानंतर अंधार झाला आणि डाव्या विंगेत, खाली जमिनीलगत, एक लाल ठिपका दिसला. देवघरात असतो तो झिरोचा बल्ब. प्रेक्षकांच्या बाजूने पुठ्ठ्याचा आडोसा केलेला, फक्त मला दिसेल असा. तिसऱ्या प्रयोगानंतर तुमच्या क्यूच्या कागदावर नजर गेली. प्रत्येक ब्लॅकआऊटपुढे पेन्सिलीने लिहिलं होतं: "ताईंचा झिरो चालू."

तुम्ही मला काहीच विचारलं नव्हतं. "नक्की काय होतं गं तुला?" असं विचारणारे ढीगभर भेटले, आणि उत्तर दिलं की प्राणायाम सुचवायचे. मायेची माणसंच होती, तक्रार नाही. पण एखाद्याची भीती ओळखून, तिचं नावही न घेता गुपचूप वायर ओढणारा माणूस मी क्वचितच पाहिलाय. असं वागायला शिक्षण लागत नाही, पैसाही फार लागत नाही. तरी इतकं दुर्मीळ का, देव जाणे.

हल्ली शेवटी मी टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर सांगते. परवा आत्या प्रयोगाला आली होती. बाहेर पडताना म्हणाली, "हा मानस कोण? मुलगा चांगला आहे का?" पुढच्या प्रयोगापासून आत्याही आत.

आणि काका, गेल्या प्रयोगात झिरो उडाला. तुम्ही बोर्डावर अडकला होतात, तुम्हाला कळलं नसेल. मी नवा आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, आता एलईडीच येतो. घेऊन ठेवलाय. चालेल ना?

तुमची,
ताई