बुशला ग्रीस लावण्याआधी बुश कशाचा ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की माझ्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात एक मागणी ठरलेली असते. "पुढनं कुरकुर आवाज यायलाय, बुशला चांगलं टिकणारं, पाण्यात न जाणारं ग्रीस द्या." मागणारा कधी गाडीमालक असतो, कधी गॅरेजवरचा पोरगा. काउंटरवर गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्र. बुश म्हणजे गाडीखालच्या हलत्या सांध्यांत बसवलेला नळीसारखा तुकडा. ग्रीस निवडायचं तर बुश रबराचा आहे, पॉलियुरेथेनचा (कडक प्लास्टिकसारखा, यालाच पॉली म्हणतात) आहे की लोखंडी पिनेवरचा, हे आधी बघावं लागतं. तिन्हींना एकच डबा चालत नाही.

बहुतेक मोटारींच्या लोअर आर्मला, म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याला, कंपनीकडून रबरी बुश येतो. आतली लोखंडी नळी आणि बाहेरची कडी, दोन्हींना रबर पक्कं चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली झाला की रबर पिळतं आणि परत जागेवर येतं. तिथं काही घासत नाही, त्यामुळं ग्रीसला कामच नाही. उलट नेहमीचं पिवळं चॅसिस ग्रीस खनिज तेलाचं असतं. नैसर्गिक रबर ते तेल शोषतं, फुगतं आणि मऊ पडतं. मागच्या पावसाळ्यात होटगी रोडच्या एका गिऱ्हाइकानं काढलेला बुश माझ्यापुढं ठेवला. कुठल्याशा गॅरेजमध्ये आवाजावर उपाय म्हणून त्यात ग्रीस चोपडलं होतं. रबर कडीच्या बाहेर आलेलं, अंगठ्याचं नख सहज रुतत होतं, बोटाला काळं लागत होतं आणि नळीपासून अर्धा घेर सुटलेला. टायर आतल्या बाजूनं खाल्लं ते वेगळंच. थोडे दिवस आवाज बंद झाला म्हणून तो माणूस निर्धास्त होता, याचं मला फार वाईट वाटलं.

असा आवाज पुष्कळदा बुश बसवण्याच्या पद्धतीमुळं येतो. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि त्याच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर चिरतो. बोल्ट आधी सैल लावावा, गाडी चाकांवर उभी करावी आणि मग कंपनीनं दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळावा. याला जास्तीचा पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो. मिस्त्री मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, तेवढा वेळ द्या.

पॉली बुशची गोष्ट निराळी. त्यात नळी बुशच्या आत फिरते, म्हणून तिथं ग्रीस हवंच, आणि तेही घट्ट, चिकट सिलिकॉन ग्रीस, टेफ्लॉन असलेलं मिळालं तर उत्तम. ते पाण्यात सहसा धुपत नाही आणि रबरालाही त्रास देत नाही. वळणावर गाडी कलू न देणाऱ्या स्टॅबिलायझर बारचा डी-बुश (इंग्रजी डीच्या आकाराचा रबरी बुश) कुरकुरत असेल तर आधी काढून चिखल पुसा. आपली काळी माती फटीत बसली की आवाज येतोच. त्यावरही लागलंच तर सिलिकॉनच. सिलिकॉनचा स्प्रे मात्र पातळ असतो, त्यावर पावसाळा निघत नाही. आणि जिथं गाड्यांना रंग मारतात तिथं सिलिकॉन वापरू नका, पत्र्यावर लागलं तर रंग फाटतो.

टेम्पो, पिकअपच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकल पिनेला, म्हणजे पाट्यांचं टोक गाडीला जोडणाऱ्या पिनेला, निपल (ग्रीस भरायचं तोंड) असेल तर तिथं लोखंडावर लोखंड घासतं. सिलिकॉन तिथं टिकणार नाही. कॅल्शियम सल्फोनेट जातीचं ग्रीस घ्या, ते पाण्यात चांगलं टिकतं आणि गंजही धरू देत नाही. जुनं काळं ग्रीस निघून दुसऱ्या बाजूनं नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारा. आत दुसऱ्या जातीचं असेल तर विशेषच, कारण काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात.

डबा घेताना रंगावर जाऊ नका, तो नुसता घातलेला असतो. 'एनएलजीआय २' हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो, पाण्याबद्दल काही नाही. ड्रॉप पॉइंट (ग्रीस पातळ होऊन थेंब पडायला लागतो ते तापमान) २६० अंश म्हणून महाग डबा गळ्यात मारतात. ब्रेकजवळच्या व्हील बेअरिंगला त्याचा उपयोग आहे, पण मे महिन्यात सोलापूर चाळिशीपार गेलं तरी बुश तेवढा तापत नाही. माहितीपत्रकात 'वॉटर वॉशआउट, डी १२६४' अशी ओळ शोधा, डी १२६४ हा चाचणीचा क्रमांक. फिरत्या बेअरिंगवर पाणी मारून किती टक्के ग्रीस धुपलं ते तिथं दिलेलं असतं. टक्का जितका कमी तितकं चांगलं, फक्त दोन डब्यांची तुलना करताना चाचणीचं तापमान एकच आहे ना ते पाहा, कारण ती ३८ अंशावरही करतात आणि ७९ वरही. आणि वॉशिंगला गाडी दिली तर सांध्यावर जवळून जेट मारू नका म्हणून सांगा. त्या दाबापुढं भारीतलं ग्रीसही निघतं.

गॅरेजवाल्यांनी सिलिकॉनचा आणि चॅसिसचा डबा वेगळा ठेवावा, दोन्हींत एकच ब्रश बुडवू नये. गाडीमालकांनीही काढलेला जुना बुश मागून घ्यावा आणि रबर फुगलंय का, चिरलंय का, ते स्वतः बोटानं दाबून बघावं.

आपला,
सुट्या भागांचा एक दुकानदार,
सोलापूर