गाठ बांधायला शिकवणारे काका

महोदय,

ठाण्यात आमच्या शेजारी राहणारे, नौदलातून निवृत्त झालेले काका गेल्या आठवड्यात गेले. आम्ही सगळे त्यांना 'नेव्हीकाका'च म्हणायचो. विसर्जनाला दरवर्षी मासुंदा तलावाकाठी निर्माल्य वेगळं करायला ते उभे असायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. हार सोडवताना दोरा आणि फुलं वेगवेगळ्या टोपल्यांत. घाई केलेली त्यांना खपत नसे.

माझ्या मुलाला त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीवर बोलाईन गाठ शिकवली. कितीही ताण आला तरी हा फास आवळत नाही, म्हणून बुडणाऱ्याच्या कमरेला हाच बांधायचा, हे ते प्रत्येक मुलाला सांगत.

४ डिसेंबरला, नौदल दिनी, सोसायटीत झेंडा लावायचे. पण ९ डिसेंबरला दिवसभर गप्प असायचे. १९७१ साली त्या रात्री दीवजवळ 'आयएनएस खुकरी' बुडाली; कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. संध्याकाळी काका गॅलरीत एक पणती लावत. यंदा ती आम्ही लावू.

– एक शेजारीण, ठाणे